आरोप, दोष आणि निर्णय : लोकसेवकावरील अभियोगाचा एक विचार

१. विषयप्रवेश

लोकसेवकावर अपराधाचा आरोप झाला म्हणजे समाजापुढे दोन प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. त्या व्यक्तीच्या हातून अपराध घडला आहे काय, हा पहिला प्रश्न; आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत त्या व्यक्तीशी कोणत्या रीतीने वागावयाचे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुराव्यावर अवलंबून असते, दुसऱ्याचे तत्त्वावर. व्यवहारात मात्र पहिल्या प्रश्नाविषयी आपण मनाशी केलेला तर्कच दुसऱ्याचे उत्तर ठरवून टाकतो. निर्दोषत्वाचे गृहीतक व विधियुक्त प्रक्रिया ही दोन तत्त्वे या गफलतीला आवर घालण्यासाठी आहेत. सत्ताधारी व्यक्तीच्या बाबतीत ती लागू करताना विशेष अडचण येते, कारण ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला संरक्षणाची गरज ती काय, असे आपणांस स्वाभाविकपणेच वाटते. प्रस्तुत लेखाचा हेतू या अडचणीचे स्वरूप स्पष्ट करणे हा आहे. लेखक कायद्याचा नव्हे, भाषेचा अभ्यासक असल्यामुळे विवेचनाचा प्रारंभ शब्दांपासून करणे त्यास सोयीचे वाटते.

२. शब्दांची साक्ष

'आरोप' हा शब्द 'आ' उपसर्गपूर्वक 'रुह्' धातूच्या प्रयोजक रूपापासून आलेला आहे. एखादी वस्तू दुसरीवर चढविणे, ठेवणे, हा त्याचा मूळ अर्थ. यास्तव आरोप ही बाहेरून कोणीतरी केलेली क्रिया आहे. ज्यावर आरोप झाला त्याचा तो गुणधर्म नव्हे. परंतु मराठीत आरोप झालेल्या व्यक्तीस आपण 'आरोपी' म्हणतो. हा शब्द 'इन्' प्रत्ययाने सिद्ध झाला आहे, आणि पाणिनीच्या व्यवस्थेत हा प्रत्यय 'ते ज्याचे आहे किंवा ज्याच्या ठायी आहे' या अर्थी येतो. रोग ज्याला आहे तो रोगी, दोष ज्याच्या ठायी आहे तो दोषी, अपराध ज्याचा आहे तो अपराधी. याच पंक्तीत 'आरोपी' येऊन बसला, की ऐकणाऱ्याच्या मनात आरोप हाही त्या व्यक्तीच्या ठायी असलेला धर्म होऊन जातो. याउलट 'अभियुक्त' किंवा 'आरोपित' ही कर्मणि भूतकालवाचक धातुसाधिते आहेत. त्यांच्या घडणीतच कर्त्याची सूचना असते : कोणीतरी अभियोग केला, म्हणून हा अभियुक्त झाला. कौटिलीय अर्थशास्त्रात वादाच्या दोन पक्षांना 'अभियोक्ता' व 'अभियुक्त' अशीच नावे आहेत.

अलीकडे वृत्तपत्रांत 'संशयित आरोपी' असा जोडशब्द रूढ झाला आहे. तार्किक दृष्ट्या तो चमत्कारिक आहे, कारण संशय ही आरोपाच्या अलीकडची पायरी होय. आरोप ठेवल्यावर पुन्हा संशयित म्हणण्याचे प्रयोजन उरत नाही. मग हे विशेषण का लागले? 'आरोपी' या शब्दाचा लोकभाषेतील अर्थ 'अपराधी' या अर्थाकडे इतका सरकला आहे, की त्याची तीव्रता कमी करण्यासाठी त्यास आणखी एक विशेषण जोडण्याची गरज लेखकांना जाणवली, हेच त्याचे उत्तर दिसते. अर्थापकर्षाचे हे उदाहरण भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावे असे आहे.

शासकीय भाषाही या प्रवाहापासून अलिप्त नाही. कायद्याच्या मराठीत न्यायालयाने निश्चित केलेल्या आरोपास 'दोषारोप' म्हणतात; म्हणजे दोष सिद्ध होण्यापूर्वीच तो शब्दात उपस्थित असतो. खात्यांतर्गत चौकशीच्या कागदपत्रांत ज्याची चौकशी चालू आहे त्या कर्मचाऱ्यास सर्रास 'अपचारी' म्हटले जाते. अपचार म्हणजे गैरवर्तन, आणि अपचारी म्हणजे गैरवर्तन करणारा. ज्या गोष्टीचा निर्णय करण्यासाठी चौकशी भरविली, ती गोष्ट चौकशीच्या पहिल्याच पत्रात नाम होऊन बसते. शब्दामुळे निर्णय बदलतो असे म्हणण्याचा येथे आशय नाही. परंतु निर्णय देणाऱ्याच्या हाती जी भाषा आपण देतो ती तटस्थ नाही, एवढे मान्य करावयास हरकत नसावी.

३. गृहीतकाचा नेमका अर्थ

निर्दोषत्वाच्या गृहीतकाविषयी एक सार्वत्रिक गैरसमज आहे. आरोपी निर्दोष आहे असा विश्वास न्यायाधीशाने बाळगावा, अशी त्या तत्त्वाची मागणी आहे असे समजले जाते. आणि मग अशा विश्वासाची थट्टा करणे सोपे जाते. वस्तुतः गृहीतक म्हणजे विश्वास नव्हे. ते भार कोणी वाहावयाचा याविषयीचा नियम आहे. भूमितीत एखादे विधान गृहीत धरले म्हणजे ते आपण अनुभवाने पडताळले असा दावा आपण करीत नाही. सिद्धतेचा प्रारंभ कोठून होणार एवढेच त्यावरून ठरते. तद्वतच येथे. आरोप करणाऱ्याने सिद्ध केले पाहिजे, आणि तो सिद्ध करू शकला नाही तर आरोपीने काहीही सिद्ध केले नसले तरी तो सुटला पाहिजे, एवढाच या नियमाचा अर्थ.

१९३५ साली वूलमिंग्टन खटल्यात इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने हा नियम निःसंदिग्ध शब्दांत मांडला व लॉर्ड सँकी यांनी त्यास सुवर्णसूत्राची उपमा दिली. भारतात १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम १०१ मध्ये हेच तत्त्व सिद्धिभाराच्या सामान्य नियमाच्या रूपाने होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १०४ मध्ये आले आहे. संविधानात 'निर्दोषत्वाचे गृहीतक' असे शब्द नाहीत. परंतु स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती आरोपीवर करता येणार नाही, असे अनुच्छेद २० (३) सांगतो. आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेण्याची कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे, असा अनुच्छेद २१ चा अर्थ १९७८ च्या मेनका गांधी प्रकरणापासून स्थिर झाला आहे.

सिद्धिभार कोणाकडे, हा प्रश्न आपल्या परंपरेलाही अपरिचित नव्हता. स्मृतिकारांनी व्यवहाराचे चार पाद मानले आहेत : वादीचे कथन, प्रतिवादीचे उत्तर, प्रमाणांनी करावयाची सिद्धी, आणि निर्णय. उत्तराचेही चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी प्रतिवादीने 'मिथ्या' असे उत्तर दिले, म्हणजे आरोप साफ नाकारला, तर सिद्धीचा भार वादीवर पडतो. त्याने काही विशेष कारण पुढे केले, तर तो भार त्याच्यावर येतो. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात या व्यवस्थेचे विस्तृत विवेचन केले आहे. आधुनिक गृहीतक हे याच व्यवस्थेतून उतरले असे म्हणता येणार नाही. आरोप आणि निर्णय यांच्यामध्ये दोन स्वतंत्र पायऱ्या आहेत, आणि त्या ओलांडल्याखेरीज शेवटच्या पायरीवर जाता येत नाही, ही जाणीव मात्र दोहोंस समान आहे.

४. एक प्रकरण आणि त्याचा बोध

या तत्त्वांची कसोटी पाहणारे एक प्रकरण महाराष्ट्राच्याच सार्वजनिक जीवनात घडले. अब्दुल रहमान अंतुले हे जून १९८० मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले व मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. सिमेंटच्या वाटपाच्या मोबदल्यात न्यासांसाठी देणग्या मिळविल्या, हा त्यांच्यावरील आरोपांपैकी प्रमुख आरोप होता. रामदास नायक यांनी त्यांच्याविरुद्ध फिर्याद दाखल केली. ते आरोप खरे होते की खोटे, हा या लेखाचा विषय नाही. न्यायव्यवस्थेने ते कोणत्या मार्गाने तपासावयाचे ठरविले, आणि त्या मार्गावर काय घडले, हे आपणांस पाहावयाचे आहे.

राज्यपालांनी जुलै १९८२ मध्ये काही आरोपांपुरती अभियोगास मंजुरी दिली व ऑगस्टमध्ये विशेष न्यायाधीशापुढे फिर्याद आली. १९५२ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमानुसार लाचविषयक अपराधांची चौकशी केवळ विशेष न्यायाधीशानेच करावयाची होती. २५ जुलै १९८३ रोजी विशेष न्यायाधीशाने असा निर्णय दिला, की विधानसभा सदस्य हा लोकसेवक आहे, त्या पदाच्या संदर्भात मंजुरी घेतलेली नाही, म्हणून आरोपीस सोडून द्यावे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेले. १६ फेब्रुवारी १९८४ रोजी पीठाने हा निर्णय फिरविला. विधानसभा सदस्य हा त्या कायद्याच्या अर्थाने लोकसेवक नाही. शिवाय ज्या पदाचा दुरुपयोग केल्याचा आरोप आहे ते पद आरोपीने सोडलेले असेल तर मंजुरी आवश्यक नाही, असे पीठाने सांगितले. आणि बराच काळ वाया गेला आहे, खटला लवकर निकालात निघाला पाहिजे, या सद्हेतूने तो विशेष न्यायाधीशाकडून काढून मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाकडे सोपवावा असा आदेशही दिला.

वरवर पाहता यात आरोपीचे काय बिघडले? कनिष्ठ न्यायाधीशाऐवजी उच्च न्यायालयाचा अनुभवी न्यायाधीश त्यास मिळाला. किंबहुना हा सन्मानच झाला, असेही कोणी म्हणेल. परंतु २९ एप्रिल १९८८ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सर्वोच्च न्यायालयाचाच तो आदेश मागे घेतला. त्याची कारणे मननीय आहेत. अशा अपराधांची चौकशी विशेष न्यायाधीशानेच करावी असे कायदा सांगत असताना, उच्च न्यायालयास तो अधिकार देणे हे विधिमंडळाचे काम आहे, न्यायालयाचे नव्हे. विशेष न्यायाधीशाच्या निकालावर उच्च न्यायालयाकडे अपील करण्याचा जो हक्क त्याच प्रकारच्या प्रत्येक आरोपीस होता, तो या एकाच आरोपीचा नाहीसा झाला. म्हणजे समतेच्या तत्त्वासही बाध आला. शिवाय तो आदेश देण्यापूर्वी त्या मुद्द्यावर त्याचे म्हणणे ऐकलेले नव्हते. न्यायालयाच्या कृतीने कोणाचेही नुकसान होऊ नये, हे जुने सूत्र न्यायमूर्ती सव्यसाची मुखर्जी यांनी लिहिलेल्या निर्णयात आधारभूत धरले गेले.

न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांचे मत वेगळे पडले, आणि त्यातील चिंता क्षुल्लक नव्हती. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय अशा रीतीने पुन्हा उघडता येऊ लागला तर कोणत्याच वादास अंत राहणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. बहुमतापुढे म्हणून एका बाजूस निर्णयाची स्थिरता व दुसऱ्या बाजूस एका व्यक्तीचा कायदेशीर हक्क असा पेच होता, आणि बहुमताने हक्काची बाजू घेतली.

या प्रकरणाचा बोध दुहेरी आहे. त्वरित न्याय हे ध्येय योग्यच. परंतु त्या ध्येयासाठी प्रक्रिया वाकविली तेव्हा त्वराही साधली नाही. १९८४ चा आदेश वेळ वाचविण्यासाठी होता, आणि त्यानेच चार वर्षे गेली. पुढे याच पक्षकारांच्या नावाने डिसेंबर १९९१ मध्ये घटनापीठाचा आणखी एक निर्णय झाला. शीघ्र न्यायचौकशी हा अनुच्छेद २१ मधून निघणारा आरोपीचा हक्क आहे, मात्र त्यास वर्षांची ठराविक मर्यादा घालता येत नाही, असे त्यात सांगितले गेले. दुसरा बोध असा, की या प्रक्रियेचे संरक्षण मागणारी व्यक्ती माजी मुख्यमंत्री होती म्हणून ते संरक्षण एका मुख्यमंत्र्यापुरते राहिले नाही. आज एखादा सामान्य आरोपी आपणांस अपिलाचा हक्क नाकारला गेला अशी तक्रार घेऊन न्यायालयात जातो, तेव्हा त्याचा वकील याच निर्णयाचा आधार घेतो.

५. गृहीतक उलटते तेव्हा

लाचेच्या खटल्यांत कायद्याने गृहीतकाची दिशा एका मर्यादेपर्यंत बदलली आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. १९४७ च्या लाचलुचपत प्रतिबंधक अधिनियमाचे कलम ४ व १९८८ च्या अधिनियमाचे कलम २० यांनुसार लोकसेवकाने लाभ स्वीकारला हे सिद्ध झाले, म्हणजे तो लाच म्हणून स्वीकारला असे न्यायालय गृहीत धरते. मग त्याचे निरसन करण्याचा भार लोकसेवकावर येतो. परंतु हा भार अभियोगपक्षावरील भाराइतका जड नाही. वाजवी संशयापलीकडे सिद्धी करण्याचे बंधन अभियोगपक्षावर असते. आरोपीने आपले स्पष्टीकरण अधिक संभवनीय आहे एवढे दाखविले तरी पुरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये झिंगन प्रकरणात सांगितले.

हा भेद प्रत्यक्षात कसा उतरतो हे पाहण्यासाठी सापळ्याची पद्धत लक्षात घ्यावी. तक्रारदाराने द्यावयाच्या नोटांवर फिनॉल्फ्थॅलीनची पूड लावतात. नोटा स्वीकारल्यावर लोकसेवकाचे हात सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडविले की द्रावण गुलाबी होते. 'रंगेहाथ पकडले' हा वाक्प्रयोग येथे अक्षरशः खरा ठरतो. तथापि त्या रंगाने काय सिद्ध झाले? त्या हातांचा त्या नोटांशी संबंध आला, एवढेच. पैसे मागितले होते काय, ते कर्जफेडीचे होते काय, ते बळेच हातात कोंबले काय, यांविषयी द्रावण मौन बाळगते. म्हणूनच मागणी व स्वीकार या दोन्ही गोष्टी मूलभूत म्हणून अभियोगपक्षाने सिद्ध केल्या पाहिजेत, आणि त्यानंतरच गृहीतकाचा प्रश्न येतो, असे नीरज दत्ता प्रकरणी घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. तक्रारदार मृत झाला किंवा उलटला तरी मागणी परिस्थितिजन्य पुराव्याने सिद्ध करता येते, असेही त्याच निर्णयात आहे. आरोपीस रक्षण आणि अभियोगास वाट, दोन्ही त्यात आहेत. इकडे वृत्तपत्रात मात्र सापळ्याच्या दुसऱ्याच दिवशी 'लाचखोर' हा शब्द छापून येतो. यातील 'खोर' हा फारसी प्रत्यय 'खाणारा' या अर्थाचा असून मराठीत तो सवय दाखवितो. एका प्रसंगाचा आरोप अशा रीतीने एका शब्दात स्वभावाचे वर्णन होतो.

६. खात्यांतर्गत चौकशी

उच्चपदस्थांचे खटले गाजतात; परंतु ज्या सहस्रावधी लिपिकांवर, तलाठ्यांवर व शिक्षकांवर खात्यांतर्गत कारवाई होते, त्यांच्या बाबतीत या तत्त्वांचा प्रश्न अधिक निकडीचा आहे. संघराज्याच्या व राज्याच्या नागरी सेवकांस संविधानाच्या अनुच्छेद ३११ चे संरक्षण आहे. नेमणूक करणाऱ्या प्राधिकाऱ्याहून कनिष्ठ अधिकारी त्यांस बडतर्फ करू शकत नाही. आणि दोषारोप कळवून, म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देऊन चौकशी केल्याखेरीज बडतर्फी, सेवेतून काढणे किंवा पदावनती करता येत नाही. या संधीत आरोप नाकारणे, साक्षीदारांची उलटतपासणी घेणे व आपला बचाव मांडणे यांचा समावेश होतो, असे १९५७ च्या खेमचंद प्रकरणात ठरले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षेविषयी दुसऱ्यांदा म्हणणे मांडण्याची संधी काढून टाकली. परंतु चौकशी अधिकाऱ्याच्या अहवालाची प्रत निर्णयापूर्वी कर्मचाऱ्यास दिलीच पाहिजे, असे १९९३ मध्ये करुणाकर प्रकरणी घटनापीठाने सांगितले. न्यायालयात दोषसिद्धी झाली असल्यास, चौकशी व्यवहार्य नसल्यास किंवा राज्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न असल्यास चौकशीवाचून कारवाई करता येते. हे अपवाद १९८५ मध्ये तुलसीराम पटेल प्रकरणी ग्राह्य मानले गेले.

खात्यांतर्गत चौकशीत पुराव्याचे मान फौजदारी खटल्याइतके कठोर नसते. अधिक संभवनीय काय, एवढे पाहिले जाते. त्यामुळे एकच कर्मचारी न्यायालयात दोषमुक्त व खात्यात दोषी ठरू शकतो. ही विसंगती नव्हे. स्वातंत्र्य हिरावणे आणि नोकरी हिरावणे यांसाठी दोन भिन्न मापे आहेत. परंतु माप हलके आहे म्हणून प्रक्रियाही हलकी धरावी, हे त्यावरून निष्पन्न होत नाही.

निलंबनाचा प्रश्न यातील सर्वांत कठीण होय. निलंबन ही शिक्षा नाही, असे नियम सांगतात. निलंबित कर्मचाऱ्याच्या घरी मात्र त्याचा अर्थ वेगळा होतो. महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये जो नियम रद्द केला, त्यानुसार दोषसिद्धीनंतर अपील प्रलंबित असता निर्वाह भत्ता दरमहा एक रुपया इतका नाममात्र करता येत होता. एका रुपयात निर्वाह होत नाही, आणि निर्वाह होत नसेल तर बचावही करता येत नाही. हे ओळखून न्यायालयाने तो नियम संविधानविरोधी ठरविला. २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी प्रकरणात दोषारोपपत्र न देता तीन महिन्यांपलीकडे निलंबन लांबवू नये, असे सांगण्यात आले. प्रक्रिया हीच शिक्षा होऊ नये, हा या दोन्ही निर्णयांचा मथितार्थ.

७. जबाबदारी आणि दोष

यावर एक गंभीर आक्षेप येतो. सार्वजनिक पद हा विश्वासाचा ठेवा आहे. न्यायालयाचा अंतिम निर्णय होईपर्यंत आरोपीने ते पद भोगीत राहावे काय? याचे उत्तर देण्यास मराठीतील दोन शब्दांतील भेद उपयोगी पडतो. 'जबाबदार' म्हणजे ज्याने जबाब, म्हणजे उत्तर, द्यावयाचे तो. 'दोषी' म्हणजे ज्याच्या ठायी दोष सिद्ध झाला तो. १९५६ मध्ये अरियलूर येथील रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्री यांनी मंत्रिपद सोडले, तेव्हा त्यांच्यावर कोणत्याही अपराधाचा आरोप नव्हता. १९५८ मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या गुंतवणुकीविषयी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश म. क. छागला यांच्या एकसदस्य आयोगाने उघड चौकशी केली, आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. तोही मंत्र्याच्या घटनात्मक जबाबदारीमुळे, फौजदारी दोषसिद्धीमुळे नव्हे. जबाबदारी म्हणून पद सोडणे आणि दोष सिद्ध झाला म्हणून पदावरून काढले जाणे, ह्या दोन भिन्न संस्था आहेत. पहिलीस पुराव्याची गरज नाही, विश्वासाचा अभाव पुरतो. दुसरीस पुराव्यावाचून गत्यंतर नाही.

या दोहोंची सीमारेषा कोठे आखावयाची हा प्रश्न आजही जिवंत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत मांडलेल्या एकशे तिसाव्या घटनादुरुस्ती विधेयकात, पाच वर्षे वा अधिक कारावासाच्या अपराधाच्या आरोपावरून सलग तीस दिवस कोठडीत असलेल्या मंत्र्यास पदावरून दूर करण्याची तरतूद होती, आणि ते विधेयक संयुक्त समितीकडे सोपविण्यात आले. कारागृहातून राज्यकारभार चालावा काय, हा त्यामागील प्रश्न वाजवी आहे. परंतु अटक हा तपासयंत्रणेचा निर्णय असतो, आणि तपासयंत्रणा कोणत्या ना कोणत्या सरकारच्या अधीन असते. मग दिवस मोजून दोषाचा परिणाम घडवावा काय, हा प्रतिप्रश्नही तितकाच वाजवी. अशा तरतुदींचा विचार करताना प्रत्येक वेळी विचारावयाचे ते हे, की पद जाण्याचे कारण विश्वासाचा अभाव आहे, की दोषाचे अनुमान आहे. आणि अनुमान असेल तर ते कोणी, कोणत्या पुराव्यावर, कोणाचे म्हणणे ऐकून केले.

८. समारोप

आरोपी लोकसेवकास दिलेले संरक्षण हे भ्रष्टाचारास दिलेले संरक्षण आहे, अशी समजूत प्रचलित आहे. वरील विवेचनावरून तिची मर्यादा स्पष्ट व्हावी. प्रक्रिया पाळून झालेली दोषसिद्धी अपिलात टिकते. घाईने मिळविलेली दोषसिद्धी प्रक्रियेच्या त्रुटीवर कोसळते, आणि खरा अपराधी असल्यास तोही तिच्याबरोबर सुटतो. म्हणजे ज्यांस भ्रष्टाचाराचे खरोखर निर्मूलन व्हावे असे वाटते, त्यांनीच या तत्त्वांचा आग्रह सर्वांआधी धरला पाहिजे.

भाषेच्या अभ्यासकापुरते बोलावयाचे तर त्याचे काम लहान असले तरी निश्चित आहे. चौकशी चालू असलेल्या कर्मचाऱ्यास 'अपचारी' न म्हणता 'ज्यावर दोषारोप ठेवला आहे तो कर्मचारी' म्हणणे लांबट होईल, परंतु खरे होईल. एकच शब्द हवा असेल तर 'अभियुक्त' हा जुना शब्द हाताशी आहे. परिभाषा घडविणाऱ्या समित्यांनी, शासकीय पत्रांचे नमुने तयार करणाऱ्यांनी आणि वृत्तलेखन शिकविणाऱ्या विभागांनी या दृष्टीने आपापले शब्द एकदा तपासून पाहावेत. आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी न्यायालयीन निकाल, खात्यांतर्गत चौकशीचे आदेश व वृत्तपत्रे या तीन ठिकाणच्या मराठीत एकाच अवस्थेतील व्यक्तीस कोणकोणती नावे दिली जातात याचा पद्धतशीर संग्रह केल्यास, तो प्रबंधास पुरेसा व समाजास उपयुक्त विषय ठरेल.